काउंटरमागचा बाक

मित्रांनो, त्या सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. वाकून आत येत इथल्या विक्रेत्या ताई म्हणाल्या, "बाई गेल्या गं." कुणीतरी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

मी एक जुना बाक आहे. या कापडाच्या दुकानात काउंटरमागे असतो. बाई नसत्या, तर मीही नसतो.

बाई इथल्या कर्मचारी विभागात होत्या. माणसं नेमायची, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि कामगारांचा नवा कायदा आला की तो दुकानाच्या मालकांना, शेठना, समजावायचा, हे त्यांचं काम. एकदा नियम आला, की उभं राहून काम करणाऱ्यांना मालकाने बसायची सोय दिलीच पाहिजे. तोवर इथल्या विक्रेत्या दिवसभर उभ्या असत. घरी जाताना पाय चपलेत मावत नसत.

शेठ म्हणाले, "बसलेलं माणूस पाहिलं की गिऱ्हाइकाला वाटतं, दुकान झोपलंय."

बाई म्हणाल्या, "बरं. मग हे आपण उभ्यानेच बोलू. तुमची खुर्ची मी खाली पाठवली आहे."

"बाई, तुम्ही माझ्या नोकरीत आहात की माझ्या उरावर?"

"नोकरीत आहे म्हणून सांगते. नियम मोडलात तर नाव तुमचं जाईल, आणि चांगली माणसंही जातील."

बाईंनी सगळा नियम सावकाश वाचून दाखवला. शेठ या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिले. शेवटी म्हणाले, "बसवा हो सगळ्यांना! पण आधी मला बसवा."

बाईंचे यजमान सुतार. त्यांनी मला घरी बनवलं. बाई बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून दोन बोटं कमी करा. ताईंचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

"ताईंच्या पायांचं कळलं. माझ्या कमरेसाठी काही कायदा आहे का?" असं म्हणत यजमानांनी पुन्हा करवत उचलली.

पुढची वर्षं माझी मजेत गेली. गिऱ्हाईक नसलं की ताई टेकायच्या, आलं की हसून उठायच्या. विक्री कमी झाली नाही. शेठ दुसऱ्या दुकानदारांना मला दाखवायचे, जणू ही कल्पना त्यांचीच.

बाई गेल्या आणि माझ्यावर कापडाचे तागे चढले. एक पाय डुगडुगू लागला. शेठ म्हणाले, "मोडका आहे, काढून टाका." ताई पुन्हा उभ्या राहू लागल्या. पण एके दिवशी त्यांनीच तागे उचलून शेठच्या टेबलावर ठेवले.

"शेठ, बाई गेल्या. नियम नाही गेला."

शेठनी ताग्यांकडे पाहिलं, ताईंच्या पायांकडे पाहिलं, आणि सुताराला निरोप धाडला.

यजमान आले. माझा पाय त्यांनी पक्का बसवला. नंतर थोडा वेळ माझ्यावर बसले, एका कडेला, दुसऱ्या माणसाला जागा सोडून.

मित्रांनो, आता मी भक्कम आहे आणि रोज कामावर आहे. तुमच्यासाठी कुणी उभं राहत असेल, तर त्याला बसायला जागा आहे का, एवढं बघत जा.

बाई ताईंना सांगायच्या, "शेठ आले तरी तुम्ही बसून राहाल, त्या दिवशी माझं काम संपलं."

शेठ दारात दिसले की सगळ्या अजून उठतात.