साग्नबायचा तिसरा नमुना

आमच्या नारीनकडच्या दवाखान्यात लघवी तपासायचं काम माझ्याकडे. बावीस वर्षं झाली. लोक नमुना जॅमच्या बरणीत आणतात, लोणच्याच्या बाटलीत आणतात. मी रोज ओरडते, रोज तेच.

मे महिन्यात साग्नबाय म्हाताऱ्याचा नमुना आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लघवीतून प्रथिनं जात असली तर मूत्रपिंडं बिघडलीत. मग यंदा मेंढरं घेऊन वर जैलूवर जायचं नाही, थेट शहरातलं इस्पितळ. चौपन्न उन्हाळे त्या कुरणात काढलेला माणूस! मी आम्ल टाकलं आणि नळी ढगाळली, म्हणजे प्रथिनं होतीच. ऐकल्याबरोबर त्यानं घोडा पुतण्याला देऊन टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दहा दिवसांनी फेरतपासणीचा नमुना त्याची बायको बुर्माकान, आम्हा सगळ्यांची एजे म्हणजे ताई, घेऊन आली. हा तर आम्ल टाकायच्या आधीच गढूळ. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर चरबीचे गोल गोल थेंब. मी बरणी नाकाशी नेली.

“एजे, यात दूध आहे का गं?”

“असणारच. मीच घातलंय.”

“अगं बाई! कशाला?”

“कशाला म्हणजे? माणूस निघाला की मागं दूध शिंपडतो ना आपण, वाट पांढरी व्हावी म्हणून? त्याचं सगळं भवितव्य या बरणीतून निघालं होतं. मागच्या खेपेला दोनच थेंब घातले, ते पुरले नाहीत. आज चमचाभर घातलं.”

मी कपाळावर हात मारला. “दुधातही प्रथिनंच असतात! तूच अडवलंस त्याला!”

“मी?” म्हणाली आणि बाकावर बसली. माझी जीभ म्हणजे ना! मला फार वाईट वाटलं.

म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. नमुना इथंच, माझ्या भांड्यात.

“पोरी, तू अशी दाराशी उभी राहिलीस तर होईल का मला?”

“आबा, बायकोसारखी लुडबुड करायला मी आत येत नाही. आटपा!”

आम्ल टाकलं. नळी स्वच्छ. पुन्हा टाकलं. तरी स्वच्छ. मला रडूच आलं.

म्हातारा तपासणीच्या कागदासाठी थांबलाच नाही, घोडा परत आणायला पळाला. एजे तेवढी बसून राहिली. गुडघ्यांमुळे चार वर्षांत ती वर गेली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

“एजे, तो आता सप्टेंबरशिवाय येत नाही. प्रथिनं निघाली असती तर तुझ्याजवळ राहिला असता गं.”

“माहीत आहे की.” तिनं रुमालाची गाठ घट्ट केली. “दहा दिवस राहिला ना. भिंतीकडे तोंड करून. तसला नवरा घेऊन काय करू मी? सही कर लवकर, डॉक्टरीणबाई जेवायला जातील.”