चार बोटांचा चमत्कार

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो वाकून होडीवरचा पांढरा पट्टा बघत होता, बोटं लावून मोजत होता आणि हात जोडत होता. गेल्या आठवड्यापर्यंत चाळीस माणसं बसली की पाणी त्या पट्ट्याला लागायचं. आज चाळीस बसली तरी पट्टा पाण्याच्या चांगला चार बोटं वर! जलबाबांनी म्हणे होडी हलकी केली होती.

बाबा खुर्चीत रेलून खुलासा करत होते. तीन दिवस होडीवर ताडपत्री टाकून त्यांनी एकांतात साधना केली आणि नौकेचं सगळं जडत्व स्वतः पिऊन टाकलं. त्यांचं पोट बघता तेवढं मात्र पटण्यासारखं होतं. शेजारी होडीमालक उभा राहून आणखी वीस जणांना आत ढकलत होता. पट्टा अजून कोरडा आहे, बसा बिनधास्त, असं त्याचं चाललं होतं. पट्टा भिजेपर्यंत होडी भरायची, हे तिथली माणसं लहानपणापासून शिकलेली. त्यांची ती शहाणी सवयच या मेल्याने त्यांच्यावर उलटवली होती.

मिस्त्रीबाई गर्दी रेटत आल्या त्या तणतणतच. ही होडी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. वडिलांमागे होड्यांचा कारखाना बाईंनी सांभाळला, आणि तो पट्टाही त्यांनीच रंगवलेला. त्यांनी आत वाकून पाहिलं. पुढच्या बाकावर त्यांची आई बसली होती, पलीकडच्या दवाखान्यात जायला निघालेली.

"आई, खाली उतर."

"उगीच तमाशा करू नकोस," आई म्हणाली. "बाबांनी स्वतः हाताला धरून बसवलंय मला."

बाईंनी खिशातून खडू काढला आणि धक्क्याच्या फरशीवरच हिशेब मांडला. भरल्या बादलीत तांब्या सोडला की पाणी सांडतं, तशी होडी पाणी बाजूला सारते. जेवढं पाणी सारलं त्याचं वजन, तेवढंच होडीचं आणि आतल्या सगळ्याचं वजन. पाण्याच्या रेषेवर ही होडी दहा मीटर लांब, टोकं निमुळती धरून सरासरी पावणेदोन मीटर रुंद. वर आली चार बोटं, म्हणजे आठ सेंटीमीटर. गुणाकार केला की चौदाशे लिटर पाणी कमी सारलं जातंय. नदीचं पाणी, लिटरला किलो.

"चौदाशे किलो कुठेतरी गेलंय," बाई म्हणाल्या. "ते कोणी पीत नाही. ते हमालांकडून उचलून न्यावं लागतं."

बाबांनी डोळे मिटले आणि अहंकारी बुद्धीला आकडेच दिसतात, असं सुनावलं. बाईंनी लक्ष दिलं नाही. पहार घेऊन त्या होडीत उतरल्या आणि आईच्या पायाजवळची फळी त्यांनी उचकटली. होडीचा तोल राहावा म्हणून वडिलांनी तळाशी चाळीस-चाळीस किलोचे पस्तीस लोखंडी ठोकळे बसवले होते. आता तिथे नुसते गंजाचे चौकोनी डाग होते.

मालक जराही वरमला नाही. लोखंड काढलं तर काढलं, वीस माणसांचं वजन तेवढंच भरतं, पट्टा काही बुडत नाही, असं तो बेधडक म्हणाला. म्हणजे गणित त्यालाही येत होतं! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लोखंड तळाशी गप पडून राहतं. माणसं उठतात, वळतात, एका बाजूला जमतात. मग होडी काय करते माहीत आहे तुला?"

ते लगेच सगळ्यांना कळलं. उघडी फळी बघायला साठ माणसं एकदम उठून त्या बाजूला सरकली आणि होडी कलंडली. काठावरून पाणी भसाभस आत आलं. आई घसरत थेट पाण्याकडे गेली. बाईंनी तिची बाही पकडली, दोर करकरले, आणि धक्क्याला बांधलेली होती म्हणूनच होडी कशीबशी सावरली. रडारड करत सगळे एकेक करून बाहेर आले.

आणि बाबा उठून उभे राहिले. हात वर करून म्हणाले, "पाहिलंत? मी तारलं सगळ्यांना."

ओलीचिंब माणसं पुन्हा हात जोडायला लागली. आईचेही हात वर गेले. त्या क्षणी बाईंना रडू फुटलं, पण ते रागाचं होतं.

"आई, तुला दोराने तारलं! नदीच्या मध्यावर कुठला दोर असता? हा माणूस तुला हाताला धरून बुडवायला बसवत होता. नमस्कार कसला करतेस त्याला?"

आईचे हात अर्ध्यावरच थांबले. तिने पदर पिळला, खडूच्या आकड्यांपाशी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "ते चौदाशे कसे आले, परत सांग. पहिल्यापासून."

बाईंनी सांगितलं. आजूबाजूचे दहा-बाराजण गुडघ्यांवर बसून ऐकू लागले. विश्वास ठेवायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती. बाईंना एवढंच सांगायचं होतं की लोकहो, होडीत पाय टाकण्याआधी फळी उचलून बघा. मोजता येतं ते मोजा, आणि कोणी मोजू नका म्हणाला तर त्याच्या होडीत पोरंबाळं घालू नका.

सगळं ऐकून झाल्यावर आई उठली, मालकापुढे उभी राहिली आणि तिने पस्तीस ठोकळे कुठे आहेत ते विचारलं.