चौकीतली कोरी वही

गावकार्यालयासमोरच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं कठड्यावर चढली होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी होती, किराणा दुकानाच्या पत्र्यावरसुद्धा चौघं बसले होते. मधोमध एक टेबल, टेबलावर काचेचं मोठं भांडं, भांड्यात काठोकाठ नितळ पाणी. आणि टेबलामागे, अत्तरात बुडवून काढल्यासारखे दरवळणारे बंदोबस्तबाबा.

"पोलीस चुकेल, साक्षीदार फितेल," बाबा गरजले, "पण हे पाणी चुकत नाही! खऱ्याचा हात कोरा. आणि खोट्याचा?"

"लाल!" गर्दी ओरडली.

सिस्टर लसींचा डबा काखेत धरून गर्दीच्या कडेला अडकून पडल्या होत्या. गावच्या दवाखान्यात त्या नऊ वर्षं नोकरी करत होत्या. पलीकडच्या गल्लीत एका तान्ह्या बाळाला लस टोचायची होती, पण वाट कोणी द्यायला तयार नव्हतं.

बाबांनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर पांढरी भुकटी काढली. "हे सत्यभस्म!" ती त्यांनी आधी गावप्रमुखांच्या तळहाताला चोळली. गावप्रमुखांनी हात पाण्यात बुडवून वर काढला. काही झालं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग गिरणीवालीला पुढे ढकललं गेलं. पन्नाशीची, अंगाने सडसडीत, केसांत कायम पिठाची पांढरी झाक असलेली बाई. तीन दिवसांपूर्वी तिच्या पिठाच्या गिरणीची मोटार चोरीला गेली होती आणि ती तक्रार द्यायला पोलीस चौकीत गेली होती. एवढाच तिचा अपराध.

"मोटार खरंच चोरीला गेली?" बाबांनी तिच्या हाताला भुकटी चोळत विचारलं.

"गेली म्हणूनच आले ना? नाहीतर मला काय हौस आहे?"

"बुडव हात!"

तिने हात बुडवला आणि मैदानावर एकच हाय उठली. बोटांभोवती पाणी लालभडक होत गेलं. तिने घाबरून हात वर घेतला, तर मनगटावरून रक्तासारखे ओघळ कोपरापर्यंत आले.

"खोटारडी!" कोणीतरी किंचाळलं. मग सगळेच ओरडायला लागले. परवापर्यंत हिच्याच गिरणीत दळण टाकून गप्पा छाटणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. एक जण तर तिच्या पायांपाशी थुंकला. सिस्टरांना किळस आली. जखमा, पू, ओकाऱ्या हे त्यांना रोजचंच होतं, त्याची किळस कधीच मेली होती. ही किळस वेगळी होती. गर्दीतल्या लोकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. त्यांना मजा येत होती.

बाबा साडेचार महिन्यांपूर्वी गावात आले होते. त्याआधी गावात चोऱ्या वाढल्या होत्या. शेळ्या जात, पाण्याचे पंप जात, बाजारातून येणाऱ्या बायांच्या पिशव्या हिसकावल्या जात. गावप्रमुखांनी बाबांना आणलं. बाबांनी गावात येणाऱ्या चारही रस्त्यांवर लोखंडी खिळे ठोकले आणि सांगितलं, "गावाचा बंदोबस्त झाला. आता गुन्हा आत येणार नाही. फक्त एक पथ्य पाळा. चौकीत तक्रार गेली की बंध सैल होतो. कोणाची तक्रार असलीच, तर आधी माझ्या पाण्यासमोर या."

आणि चमत्कार झाला! पहिल्या महिन्यात चौकीत एकही तक्रार नाही. दुसऱ्या महिन्यात नाही. गावाच्या वेशीवर पाटी लागली, 'गुन्हेमुक्त गाव', आणि खाली रोज सकाळी दिवसांचा आकडा खडूने बदलला जाऊ लागला. शेजारच्या गावांतून लोक पाटीबरोबर फोटो काढायला यायला लागले.

सिस्टरांचा बाबांवर विश्वास नव्हता. पण त्या गप्प होत्या. आपण बरं, आपला दवाखाना बरा, असं स्वतःला समजावत होत्या.

त्या मैदानातल्या तमाशानंतर दोनच दिवसांनी, दुपारी, गिरणीवाली दवाखान्यात आली. कपाळावर दाबलेलं फडकं रक्ताने भिजलं होतं.

"काय झालं?"

"दगड मारला कोणीतरी. गिरणीचं दार लावत होते." ती बाकावर बसली. "पण तुम्ही लिहा, पायरीवरून पडले म्हणून."

सिस्टरांचा हात केसपेपरवर थबकला. पायरीवरून पडले. हे वाक्य त्यांनी अलीकडे किती वेळा लिहिलं होतं? कपाळाला पाच टाके घालून झाल्यावर त्यांनी नोंदवही काढली आणि पानं मागे उलटत गेल्या. मनगट मोडलेलं, पायरीवरून पडून. दात पडलेला, पायरीवरून पडून. बरगडीला मार, पायरीवरून. साडेचार महिन्यांत अकरा बायका. आणि अख्ख्या गावात सगळी घरं बैठी! धड जिना म्हणावा असा एकच, पाण्याच्या टाकीचा, आणि त्यालाही कुलूप.

अकराही नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"बाई, हात पुढे करा. निदान बाहीवरचं रक्त तरी पुसते." टेबलाखाली अवजारं धुवायची बादली होती, धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलेली. सिस्टरांनी घाईत त्याच पाण्यात कापूस बुडवला आणि गिरणीवालीच्या बाहीवर टेकवला. बाहीची घडी झर्रकन गुलाबी झाली. रक्ताचा नव्हे, भडक, मिठाईवर असतो तसा गुलाबी रंग.

"हे पोलकं कोणतं?"

"तेच, त्या दिवशीचं. धुवायचं सुचलंय कोणाला?"

सिस्टरांनी घडी उलगडली. आत पांढरी भुकटी अडकून राहिली होती. त्यांनी पुन्हा एक थेंब टाकला. पुन्हा गुलाबी.

"भस्माचा प्रताप," गिरणीवाली कडवट हसली. "भस्म कसलं, पीठ आहे ते. गव्हाचं, बारीक चाळणीतून काढलेलं. बाबा अख्ख्या गावाला फसवेल, माझ्या बोटांना नाही फसवता यायचं. आणि पाणीही बुळबुळीत होतं, साबणाचं असावं तसं. तेव्हाच बोलणार होते, पण माझं ऐकतो कोण?"

पिठाने पाणी लाल होत नाही. म्हणजे पिठात आणखी काहीतरी होतं. सिस्टर खुर्चीत बसल्या. शाळेची प्रयोगशाळा त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. काचेची नळी, थेंब थेंब पडणारं द्रावण आणि मास्तरांचा आवाज: आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी. फिनॉल्फ्थॅलिन! शाळेच्या कपाटात असते तीच पांढरी पूड. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे ती.

"बाई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "त्या माणसाने तुम्हाला जुलाबाच्या औषधाने खोटं पाडलंय."

संध्याकाळी त्या चौकीत गेल्या. हवालदार पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत होते. सिस्टरांनी तक्रारींची वही बघायला मागितली. हवालदारांनी ती कौतुकाने पुढे सरकवली. पानामागून पान कोरं.

"ह्या गावात खरंच काही घडत नाही, हवालदार?"

"घडतं की नाही ते देवाला माहीत. लिहिलं जात नाही, हे खरं." ते जरा ओशाळले. "गावप्रमुख सांगतात, आलेल्याला आधी बाबांकडे पाठवा. तिथून परत कोणी येत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वरून शाबासकी आलीये हो, सिस्टर. परवा जिल्ह्याच्या अधिकारी बाई येतायत गावाला सन्मानपत्र द्यायला. तुम्ही कशाला त्यात मिठाचा खडा टाकता?"

"खडा नाही टाकत. लिंबू पिळते," सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या. हवालदारांना काही कळलं नाही.

सन्मानाच्या दिवशी सकाळी मैदानात मांडव पडला. जिल्ह्याच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. गावप्रमुखांचं भाषण लांबत चाललं होतं. बाजूच्या टेबलावर पाहुण्यांच्या सरबतासाठी चिरलेली लिंबं होती. बाबांचं काचेचं भांडंही मांडलेलं होतं. साक्षात जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर पाणी बोलणार होतं.

"कोणाची तक्रार आहे का?" बाबांनी नाटकीपणाने हात पसरून विचारलं.

"माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "ह्या गावात साडेचार महिन्यांत अकरा बायकांची मारहाणीत हाडं मोडलीत, दात पडलेत, डोकी फुटलीत. मी नावं सांगणार नाही, त्या माझ्या पेशंट आहेत. पण त्यांच्या जखमा मी धुतल्यात."

गावप्रमुख तरातरा पुढे आले. "सिस्टर, ही काय वेळ आहे?"

"थांबा, थांबा," बाबा गोड हसले. "पाण्याला विचारू. सिस्टर, हात द्या."

त्यांनी हात दिला. बाबांचा अंगठा तळहातावर फिरला, घामट, लिबलिबित. सिस्टरांनी दात आवळून तो सहन केला, पण नजर पिशवीवरून हलू दिली नाही. पिशवीला आतून दोन कप्पे होते, आणि बाबांची बोटं मागच्या कप्प्यात गेली होती.

हात पाण्यात बुडाला. पाणी लाल. "खोटं! खोटं!" मांडव दणाणला.

सिस्टरांनी तो लाल हात तसाच उंच धरला. मग सरबताच्या टेबलावरून लिंबाची फोड उचलली आणि तळहातावर पिळली. लाल रंग बघता बघता नाहीसा झाला. तळवा कोरा झाला, जसा होता तसा.

"आता मी खरी झाले का, बाबा?" त्यांनी हात परत पाण्यात बुडवला. लाल. पुन्हा लिंबू. कोरा. "आता खरी, आता खोटी, आता परत खरी! पाण्याचं डोकं फिरलंय की काय?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबा पिशवी आवळून मागे सरकले, तोच गिरणीवालीने, कपाळाला पट्टी असलेल्या त्या सडसडीत बाईने, पिशवीला हात घातला आणि हिसडा दिला. दोरी तुटली. मागच्या कप्प्यातली भुकटी तिने गावप्रमुखांच्या हातावर ओतली.

"बुडवा की! तुम्ही तर गावातले सगळ्यांत खरे!"

गावप्रमुखांनी हात पाठीमागे लपवला. जिल्ह्याच्या बाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "बुडवा."

हात असा काही लालभडक निघाला की दुकानाच्या पत्र्यावर बसलेलेही खाली उतरून पुढे आले.

सिस्टरांनी सगळं फोड करून सांगितलं. भांड्यातलं पाणी धुण्याच्या सोड्याचं. पुढच्या कप्प्यात नुसतं पीठ, मागच्यात पिठात मिसळलेली शाळेतली पूड. सोडा लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की रंग जातो. "पाण्याला खरं-खोटं काही कळत नाही. कळतं ते पिशवीवाल्याला. ज्याचं तोंड बंद करायचं, त्याच्यासाठी मागचा कप्पा. आणि एकदा तुमच्यासमोर कोणाचे गिरणीवालीसारखे हाल झाले, की चौकीची पायरी चढायची छाती कोणाची होणार? खिळ्यांनी एकही चोर अडवला नाही. अडवलं ते तक्रार करणाऱ्यांना, आणि ते अडवायला बाबांना तुमची मदत झाली. तुम्हीच ओरडत होतात, लाल, लाल!"

कोणी वर बघेना. मग एक बाई उठली, मनगटाला अजून आधाराची पट्टी बांधलेली. हवालदारांकडे जाऊन म्हणाली, "माझी लिहून घ्या." हवालदारांना पेन सापडेना. जिल्ह्याच्या बाईंनी स्वतःचं पेन काढून दिलं. दुपारपर्यंत रांग मांडवाबाहेर गेली होती. सन्मानपत्र कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

गिरणीची मोटार चौथ्या दिवशी मिळाली, गावप्रमुखांच्या मेव्हण्याच्या गोदामात, पोत्यांखाली. दोन पंप आणि शेळ्यांच्या गळ्यातल्या साखळ्याही तिथेच निघाल्या. बाबांना चौकीच्या खोलीत बसवलं, तेव्हा त्यांनी निरोप धाडला की रक्तदाब वाढलाय, सिस्टरांना बोलवा. सिस्टर गेल्या, पट्टा बांधला, आकडा लिहिला, गोळी दिली. परतल्यावर कोपरापर्यंत हात तीनदा धुतले.

महिन्याभराने, मैदानात टाळ्या पिटणाऱ्यांपैकीच एक जण पायात गेलेला काटा काढून घ्यायला दवाखान्यात आला. "काहीही म्हणा, सिस्टर," तो म्हणाला, "बाबा होते तेव्हा गावात एक गुन्हा नव्हता. आता वही भरून गेलीये. पेपरात आलंय, गुन्हे वाढले म्हणून. पलीकडच्या गावातले बाबा म्हणे अस्सल आहेत, त्यांना आणायचं ठरतंय."

सिस्टरांनी चिमटा खाली ठेवला. इतका वीट त्यांना पू भरलेल्या जखमेचाही कधी आला नव्हता.

"तुमच्या पायात हा काटा कधी गेला?"

"चार दिवस झाले."

"मला आज सांगितलंत. म्हणजे चार दिवस काटा नव्हताच?"

"असं कसं? होता की. ठणकत होता."

"मग गावातही होतं सगळं. ठणकत होतं. कोणी सांगायला धजत नव्हतं, एवढंच. वहीत गुन्हे वाढले नाहीत, बोलणारी माणसं वाढली." त्यांनी काटा ओढून काढला. तो कळवळला. "आणि त्या अस्सल बाबांना आणायचंच असेल तर आणा. पण पाणी तुम्ही घरून न्या, भुकटी हातात घेऊन नीट बघा, आणि त्यांच्या चमत्काराने गावात कोण गप्प बसलं ते जाऊन विचारा. विचारायला कोणी मनाई केली, तर समजा की तिथेच काहीतरी दडवलेलं आहे."

त्यांनी पायाला पट्टी बांधली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.