आबासाहेबांचं मत

आमच्या खर्ड्यात ऐतिहासिक मालिका कुणी नुसती बघत नाही, जो तो तपासतो. गावात किल्ला असल्यामुळे लढाईतलं सगळं आपल्याला उपजत कळतं अशी प्रत्येकाची समजूत आहे. ज्याला साधी शेळी आवरत नाही, तोही टीव्हीतल्या सरदाराला बसल्या जागी नापास करतो. मीही त्यातलाच.

या परीक्षकांत आबासाहेबांचा दरारा मोठा. माझं किराणा दुकान त्यांच्या घरासमोर आहे, म्हणून मला त्यांची मतं दुसऱ्या दिवशी सकाळी फुकट मिळतात. त्या दिवशी मात्र आम्ही सगळे त्यांच्याच घरी बसलो होतो, कारण त्यांचा मुलगा कल्याण मालिकेत दिसणार होता.

कल्याण दोन वर्षांपूर्वी तुरीचं शेत सोडून नट व्हायला मुंबईला गेला, तेव्हापासून आबासाहेब त्याच्याशी बोलत नव्हते. आता त्याने आईला, झुंबरबाईंना, फोनवर सांगितलं होतं, "आबांना आजचा भाग बघायला सांग. त्यांना काम पटलं तर इथं ऱ्हातो. न्हाई पटलं तर गाशा गुंडाळून येतो." झुंबरबाईंनी हे मला साखर घेताना सांगितलं आणि मी, खोटं कशाला बोला, सगळ्या गल्लीला सांगितलं. काम कसलं आहे हे त्याने कळवलं नव्हतं. महाराजांच्या फौजेतच असणार हे आम्ही धरून चाललो. खर्ड्याचा पोरगा दुसरीकडे कशाला जाईल?

भाग सुरू झाला. शेजारच्या केशरबाईंना राणीची नथ फार मोठी वाटली. गल्लीतल्या छगनला फौजेत कल्याण दिसला. मग दुसऱ्या घोड्यावर दिसला. मग तंबूबाहेर भाला घेऊन उभा असलेला दिसला. प्रत्येक वेळी तो भलताच कुणी निघाला. आबासाहेब खाटेवर बसून होते.

मग एका वस्तीवर पेंढारी आले. त्यांतला एक दाढीवाला घोड्यावरून उतरला, त्याने एका म्हाताऱ्याला ढकलून दिलं, त्याच्या धान्याची कणगी लाथेनं पाडली आणि कडब्याच्या गंजीला चूड लावली. गंजी भडकली तसा तो हसायला लागला. ते हसणं बघून माझ्याही डोक्यात तिडीक गेली.

आबासाहेब खाटेवरून निम्मे उठले. "कडबा जळतोय आन् हसतोय भाड्या," ते म्हणाले. "ह्याला कोन्या बापानं जन्माला घातला आसंल?"

"आसल्याचा बाप तरी काय लायकीचा आसनार," छगन म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. झुंबरबाई दारापाशी पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. मुलगा अजून दिसला नाही म्हणून हिरमुसल्या असतील असं मला वाटलं.

तेवढ्यात महाराजांचा सरदार आला आणि त्याने दाढीवाल्याला एका वारात आडवं केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "आस्सं पायजे," ते म्हणाले. मग कॅमेरा खाली पडलेल्या माणसाच्या तोंडाजवळ गेला. पागोटं सुटलं होतं, डोळे उघडे होते, आणि तो कल्याण होता.

लगेच कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली. ती आम्ही सगळ्यांनी फार लक्ष देऊन बघितली.

"मेला मात्र झ्याक," छगन शेवटी पुटपुटला. केशरबाईंनी त्याला कोपर मारलं.

भाग संपायच्या आत फोन आला. झुंबरबाईंनी तो आबासाहेबांच्या हातात दिला आणि स्पीकर लावला.

"आबा, बघितलं का?"

"बघितलं."

"मग?"

या माणसाने आजवर फौजाच्या फौजा नापास केल्या होत्या, आणि आता पोराचं पुढचं आयुष्य त्याच्या एका शब्दावर अडलं होतं. मला कल्याणची कीव आली.

"म्या तुला वळखलंच न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"खरंच, आबा?" कल्याणचा आवाज आनंदाने फाटला. "डायरेक्टर हेच म्हनले हुते. घरच्यांनी वळखलं न्हाई, तर समज काम जमलं."

"जमलं," आबासाहेब सावकाश म्हणाले. "लई राग आला तुझा. ऱ्हा तिथंच."

आम्ही सुटलो. चहा झाला, कल्याणचं तोंडभर कौतुक झालं, आणि हसणाऱ्याचा बाप काय लायकीचा हा विषय कुणी काढला नाही. आम्ही उठत होतो तेव्हा आबासाहेबांनी बायकोला विचारलं, "तुला कवा कळलं गं?"

"घोड्यावरनं उतरला तवाच," झुंबरबाई म्हणाल्या. "चालतो कसा ते ठावं न्हाई व्हय मला?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? समदी शिव्या देत हुती. म्हनलं, पोराचं चांगलं चाललंय." कपबशा उचलता उचलता त्या थांबल्या. "आन् तुमी तरी घरात आसताना त्याच्याकडं कवा बघितलं? तुरीकडंच बघत आला."

आबासाहेबांना हे लागलं. ते दिसलं, म्हणून आम्ही चपला शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग परत लागतो. गुळाची ढेप पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो, तर एरवी अंधार पडल्याशिवाय शेतातून न येणारे आबासाहेब टीव्हीपुढे, अगदी जवळ बसले होते. मला त्यांनी हातानेच बस म्हटलं. दाढीवाला घोड्यावरून उतरला. त्याने म्हाताऱ्याला ढकललं, कणगी पाडली, गंजी पेटवली आणि हसला. आबासाहेब त्याच्या पायांकडे बघत होते, मग हातांकडे, मग तोंडाकडे.

सरदाराचा घोडा दिसला तसा त्यांनी टीव्ही बंद केला.

"आता खरी लढाई हाय की," मी म्हणालो.

"न्हाई बघवत," आबासाहेब म्हणाले. "काल पोरगं पडलं तवा मांडीवर थाप मारली म्या."