आधी पाया

मास्तरांच्या शिकवणीचा एक दंडक होता. गुजरातीचं कूळमूळ पाठ झाल्याशिवाय त्या भाषेत एक वाक्यही बोलायचं नाही. बायको चहा गाळता गाळता टोमणा मारी, की घोटभर पाणी मागायला आलेल्याला तुम्ही नदीचा उगम दाखवून परत पाठवता.

औषधाच्या दुकानात काम करणारी ती बाई थंडीच्या तोंडावर आली. तिची आई गुजराती. लग्नानंतर सासरच्या भाषेत अशी मुरली, की लेकीला आपली बोली द्यायचीच राहिली. मग आईला अर्धांगाचा झटका आला. सासरची भाषा पार पुसली गेली, माहेरची तेवढी उरली. लेकीला आईशी बोलायचं होतं, एवढंच.

मास्तरांनी पाया घालायला घेतला. संस्कृताच्या पोटी प्राकृत, प्राकृताच्या पोटी अपभ्रंश, तिथून जुनी गुजराती. ती आणि राजस्थानी एकाच पाळण्यात वाढलेल्या. मग गलबतांतून तिचं परमुलखी जाणं, फारसी-अरबी शब्दांचा आहेर. भरभर लिहिणाऱ्यांच्या हातून अक्षरांच्या माथ्यावरची रेघ कशी सुटली, हे सांगताना तर मास्तर भान विसरून पाटीवर गिरवत राहत. बाई मान डोलवी. उठताना हळूच विचारी, बोलायचं कधी? मास्तर हसून म्हणत, घाई नको, पोरी.

आज ती आली ती वही न घेताच. आई गेली होती.

"शेवटच्या दुपारी एकच घोकत होती," ती म्हणाली. "मने टाढ वाय छे. अंग तापानं फणफणलेलं. मला वाटलं, जीव घुसमटतोय. मी खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला. तरी तेच. काय म्हणत होती हो, मास्तर?"

मास्तरांच्या जिभेवर एक गोड खोटं आलं. आशीर्वाद देत होत्या, म्हणावं. पण दारात उभ्या बायकोला गुजराती येत होती. तिनं तोंडाला पदर लावला, आणि बाईनं ते पाहिलं.

"थंडी वाजतेय म्हणत होत्या," मास्तर म्हणाले.

बाई रडली नाही. हातातला रुमाल उलगडत, घडी घालत बसली. मग तिनं विचारलं, "आणि 'पांघरूण घालते, आई', हे कसं म्हणायचं?"

मास्तरांनी सांगितलं.

"ओढाडुं छुं, बा," ती म्हणाली. पहिलंच वाक्य, आणि उच्चारात खोट काढायला जागा नव्हती. तिनं ते पुन्हा म्हटलं, मग आणखी हळू, पुन्हा. मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले.