बालसुलभ दोष

आमच्या वसाहतीत दरवर्षी मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत असते. मुलाने गाडी स्वतःच्या हाताने बनवायची आणि मोटारी तळघरात उतरतात त्या उतारावर फळ्या टाकून ती सोडायची, एवढाच खेळ. गेल्या वर्षी मात्र तो बापांनी खेळला. एका गाडीच्या चाकांत छर्रे निघाले, दुसरीच्या पोटात शिसं, आणि शेवटी दोन सद्गृहस्थ एकमेकांची कॉलर धरून उभे राहिले. मुलं तोवर बिस्किटं खाऊन लपंडाव खेळायला गेली होती.

म्हणून यंदा नियम करायचे ठरले. समिती तिघांची. अध्यक्ष वकीलसाहेब, शिवाय दातांचे डॉक्टर आणि बँकवाले साहेब. तिघांचीही मुलं शर्यतीत होती, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न नव्हता. सगळे सारखेच पक्षपाती होते. नियम लिहायला त्यांनी मला बोलावलं. मी जन्म ग्रंथालयात काढला, म्हणून मला चांगलं लिहिता येत असणार असा लोकांचा समज आहे. तो दूर करायला हवा होता. पण चारचौघांत नाही म्हणायलाही एक आवाज लागतो, आणि तो मला कधी फुटला नाही.

बैठक वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात झाली. छर्रे नकोत, शिसं नको, मोटर नको, हे चटकन ठरलं. अडलं ते एकाच ठिकाणी. गाडी मुलानेच बनवली हे ओळखायचं कसं? आईबापांकडून लिहून घ्यावं, असं मी दबक्या आवाजात सुचवलं. त्यावर तिघेही माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की मी चहाच्या कपात तोंड घातलं. बँकवाले साहेब म्हणाले, आईबापांच्या सह्या ते रोज बघतात, त्यांना काही सांगू नका. तेव्हा नियम झाला की घरच्यांची साक्ष धरली जाणार नाही.

तोड काढली डॉक्टरांनी. त्यांचं म्हणणं असं की दातांवरून वय कळतं तसा चुकांवरून हात कळतो. मूल कितीही हुशार असो, त्याचं चाक थोडं वाकडं बसणार, रंग थोडा बाहेर जाणार, खिळा थोडा तिरपा जाणार. म्हणजे जिथे चूक तिथे मूल. मला हे पटलं. निदान न पटण्यासारखं काही मला सुचलं नाही. मी लिहिलं, ‘गाडीत बालसुलभ दोष स्पष्ट दिसावेत.’ वकीलसाहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, काका, हे कोर्टात टिकेल. माझ्या लिहिण्याला इतकी दाद आजवर कोणी दिली नव्हती. घरी जाताना मी ते वाक्य जिन्यात स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं.

घरी माझी नात गाडी करायला बसली होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती बोलत नाही, पण एकदा काही तोंडात धरलं की सोडत नाही. माझा मुलगा कामानिमित्त दूरच्या गावी असतो आणि सूनबाई दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. दुपारी घरात आम्ही दोघंच. मी पुस्तक धरून बसायचो आणि पुस्तकाच्या वरून तिच्याकडे बघायचो.

पडद्याचा जुना लाकडी दांडा तिने चाकांसाठी घेतला. चकत्या कापल्या, त्या जाड-बारीक झाल्या, टाकून दिल्या. पुन्हा कापल्या. काचेच्या टेबलावर एकेक चाक घरंगळवून, डोळा टेबलाच्या पातळीत आणून, ती बघत राहायची. डगमगलं की बाद. सायकलच्या तारेचा आस केला, तो रिकाम्या रिफिलच्या नळीतून ओवला आणि वर मेणबत्ती घासली. पॉलिशचा कागद काडेपेटीला गुंडाळून ती अंगाचा ठोकळा घासत बसे. आवाज असा एकसारखा यायचा की मला डुलकी लागायची. मी तिला काहीच मदत केली नाही. यात तत्त्व वगैरे नव्हतं. माझ्या हातून भिंतीत खिळा गेला तर भिंतच जास्त जाते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

एकदा एक चाक घासता घासता तिने विचारलं की आजोबा, दोष दिसलेच पाहिजेत का? मी म्हटलं, मुलांच्या कामात ते असतातच, तू नको काळजी करूस. तिने मान हलवली आणि ते चाक पुन्हा घासायला घेतलं.

इकडे नियम सूचनाफलकावर लागले आणि वसाहतीतले बाप कामाला लागले. गाड्या त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या, अर्थातच उत्तम. आता त्या बिघडवायच्या होत्या. हे काम वाटतं तितकं सोपं नसावं. लिफ्टमध्ये दोघे भेटले की एक विचारायचा, ‘तुमची कितपत बिघडली?’ आणि दुसरा हताशपणे म्हणायचा, ‘अहो, सवय नाही ना. हात आपोआप नीटच जातो.’ बँकवाले साहेब डाव्या हाताने रंग देत होते. वकीलसाहेबांनी खिळे आधी वाकवून मग ठोकले. कोपऱ्यावरचा सुतार अशा ऑर्डरी घेऊ लागला होता आणि सरळ गाडीपेक्षा वाकडीला जास्त दिवस सांगायचा. वाकडं काम घाईत होत नाही, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर तर दवाखाना बंद झाल्यावर गाडी खुर्चीपाशी दिव्याखाली घेऊन बसत. त्यांच्या चाकाला जो खड्डा पडला होता तो इतका हुबेहूब बालिश होता की बाकीचे बाप तो बघायला त्यांच्याकडे जाऊन आले.

तपासणी वसाहतीच्या सभागृहात झाली. लांब टेबलामागे समिती, टेबलावर डॉक्टरांचं भिंग, आणि समोर मुलं रांगेत. नियमांचा अर्थ लावायची वेळ आलीच तर म्हणून मला टेबलाच्या टोकाला बसवलं होतं. एकेक गाडी येत होती. डॉक्टर भिंग लावून पुटपुटत, ‘चाक तिरपं. छान. रंग ओघळलाय. वा.’ बाप मागे उभे राहून अभिमानाने हसत होते. मुलं आपली गाडी कोणती हे विसरू नये म्हणून तिच्यावर बोट ठेवून उभी होती.

मुंगीची गाडी टेबलावर आली आणि भिंग बराच वेळ फिरत राहिलं. डॉक्टरांनी ती उलटी केली, चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. त्यांनी ती वकीलसाहेबांकडे दिली, वकीलसाहेबांनी बँकवाल्यांकडे.

‘दोष कुठाय?’ डॉक्टरांनी विचारलं.

मुंगी म्हणाली, ‘होते. मी काढले.’

सभागृहात हशा पिकला. वकीलसाहेबांनी मायेने विचारलं की बाळ, कोणी मदत केली, खरं सांग. ती म्हणाली, कोणी नाही. बाबांनी? बाबा इथे नसतात. आजोबांनी? यावर सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि बँकवाले साहेब म्हणाले, ‘अहो, काकांना औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, त्यांचं नाव कशाला घेता?’ पुन्हा हशा झाला. मीही हसलो. निर्दोष ठरल्याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

मी रोज दुपारी बघितलं होतं. पण मी घरचा, माझी साक्ष चालत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आमच्याकडे नियमाला धरून चाललं होतं.

वकीलसाहेब मनाने वाईट माणूस नाहीत. मुलीचा चेहरा पडलेला बघून त्यांनी तडजोड काढली. टेबलाच्या खणातून कानस काढली आणि तिच्यापुढे ठेवली. एखादं चाक एका बाजूने जरासं घास, म्हणजे आम्ही डोळे झाकून सही करतो, प्रश्न मिटला. मागून दोघा-तिघा बापांनी समजुतीच्या माना डोलावल्या. सगळ्यांनीच ते केलं होतं, त्यात काय एवढं?

मुंगीने कानशीला हात लावला नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आलं की घासून टाकावं. शर्यत एका दिवसाची, शेजार जन्माचा. एवढ्यात वकीलसाहेबांनीच मला विचारलं, ‘काका, नियम तुमच्या हातचा. तुम्हीच सांगा हिला.’

मी उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, पण ग्रंथालयात साहेब आले की उठायची सवय. मी म्हणालो, ‘ती चूक हिची होणार नाही. तुम्ही सांगितली म्हणून ती तुमची. मग गाडीही तुमची होईल.’

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता यांना उमगलं. क्षणभर मला स्वतःचा अभिमानही वाटला. मग डॉक्टरांनी भिंगाची काच पुसली आणि म्हणाले, काकांचा मुद्दा बिनतोड आहे. दोष आता घालता येणार नाही आणि आधी नव्हता. तेव्हा गाडी बाद. वकीलसाहेबांनी खेदाने सही केली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणजे जन्मात एकदा मी चारचौघांत तोंड उघडलं आणि नातीला बाहेर काढलं.

मुंगीने गाडी फडक्यात गुंडाळली. रडली नाही. मी हळूच विचारलं, रागावलीस का? ती म्हणाली, ‘नाही. पण त्यांना अजून वाटतंय, दुसऱ्या कोणीतरी केली.’ तिला तेवढंच टोचत होतं. बक्षिसाचं नावही तिने काढलं नाही.

शर्यत लगेचच झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सरळ होतं, नाचणारेच वाकडे. पहिल्या जोडीतली एक गाडी सुटल्या सुटल्या वळून कुंडीत गेली आणि दुसरी गोल फिरून जिथून निघाली तिकडे तोंड करून थांबली. बँकवाल्यांच्या गाडीचं चाक तिच्या आधी निघून गेलं. वकीलसाहेबांची गाडी फळीच्या काठावर वाकल्या खिळ्याने अडकून राहिली आणि तिला ढकलायचं की नाही याचा नियम शोधायला मला हाक मारण्यात आली. नियम नव्हता. खालपर्यंत पोचली ती एकटी डॉक्टरांची, लंगडत लंगडत. त्यांनी दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखेच खड्डे पाडले होते. दोष द्यायचा तोही समतोल, याला म्हणतात शिक्षण.

बक्षीस डॉक्टरांच्या मुलीला मिळालं. वकीलसाहेबांनी तिच्यापुढे माइक धरून विचारलं की गाडीतलं तुला सगळ्यात काय करायला आवडलं? मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, ‘मला रंग द्यायचा होता. पण बाबा म्हणाले, तू नको देऊस, तू नीट देतेस.’

टाळ्या जरा उशिरा पडल्या. डॉक्टर बुटाची नाडी बांधायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मग कोणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं आणि सगळी मोठी माणसं अगदी आवश्यक काम आठवल्यासारखी सभागृहाकडे निघाली.

उतार मोकळा झाला. मुंगीने फडकं सोडलं आणि मला खाली उभं राहायला सांगितलं. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकलो. डॉक्टरांची मुलगी आणि आणखी काही पोरं फळीच्या कडेने बसली. मुंगीने गाडी सोडली, ढकलली नाही, नुसता हात काढला.

आवाज फार थोडा झाला. गाडी फळीच्या मधोमध येत राहिली आणि मुलं तोंडाने काही न बोलता माना फिरवत राहिली. अगदी शेवटी, माझ्यापासून हातभर अंतरावर, ती किंचित उजवीकडे झुकली आणि माझ्या चपलेला लागून थांबली. मला वाटलं माझ्या नजरेचा दोष. पण मुंगी वरून धावत आली, गाडी उचलून डोळ्यांपाशी धरली, चाक फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला.

‘मागचं उजवं लहान झालंय,’ ती म्हणाली. ‘केसभर. मला कळलंच नव्हतं.’

डॉक्टरांची मुलगी जवळ सरकली. कुठे, कुठे, म्हणाली. मुंगीने तिच्या बोटाला धरून ते चाकावरून फिरवलं. ‘इथे मी जास्त घासलं. बोलता बोलता.’ कोणाशी बोलता बोलता, हे मी विचारलं नाही. बाकीची पोरंही आपापली बोटं पुढे करू लागली. ती गाडी मुंगीने केली की नाही, असा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडलेला दिसला नाही.

वकीलसाहेब हातात चहाचा कप घेऊन माइकची वायर गुंडाळायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. लगबगीने खाली उतरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि गाडी हातात घेऊन चाकाकडे निरखून बघितलं. चेहरा एकदम खुलला. माणसाचं समाधान झालं की तो किती सज्जन दिसतो.

‘अगं मग आधी सांगायचं नाही का,’ ते म्हणाले. ‘दोष आहे की. चांगला ठळक आहे. काका, काढा तो कागद, आत्ता मंजूर करून टाकू. हिचं नाव यादीत घेऊ.’

मी खिशात हात घातला. खोटं कशाला सांगू, पेनाचं टोपणही काढलं.

मुंगीने गाडी त्यांच्या हातातून घेतली. ‘नको,’ ती म्हणाली. ‘तो मी आता काढणार आहे.’

आणि डॉक्टरांच्या मुलीला विचारलं, तुझ्याकडे पॉलिशचा कागद आहे का?