कौतुकाची धास्ती घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर

मित्रांनो, ‘ओले मोजे’ या रॉक बँडच्या पुनरागमनाच्या अल्बमला पाचपैकी चार तारे मिळाले. हे तुम्ही ऐकलेलं नाही. मी बोललोच नाही. शनिवारची दुपार आहे आणि परीक्षण अजून कुणीही वाचलेलं नाही.

मी एक जुना, निळा व्हॅक्यूम क्लीनर आहे. फिनलंडमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. गालिच्यांची सेवा करावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पण घर साफ करताना गायक वेइयोच्या लक्षात आलं, की माझा आवाज कोमल गंधाराच्या जवळपास लागतो. त्या दिवसापासून मी बँडमध्ये आहे. त्याची थोरली बहीण तूलिक्की ड्रम वाजवायची. आम्ही तिघं ओले मोजे घालून रंगमंचावर जायचो. मी माझा नळीवर घालायचो. लोक खूश व्हायचे.

मग समीक्षक हेलेवीबाईंनी लिहिलं, “या बँडमध्ये सुरात फक्त व्हॅक्यूम क्लीनर आहे.”

वेइयोने मला सरपणाच्या खोपटात टाकलं. बँड मोडला. बावीस वर्षं माझ्या पिशवीत उंदरांचा संसार होता. सुशील कुटुंब होतं, तक्रार नाही.

यंदा तूलिक्कीने भावाची समजूत घातली आणि नवा अल्बम झाला. वेइयोची अट एकच होती, “पुन्हा याचंच कौतुक झालं, तर हा थेट भंगारात.”

म्हणून त्या शनिवारी मी सौनाबाहेरच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराबाहेरच्या, खोलीत धडधडत होतो. बंद होतो, तरी धडधडत होतो.

तूलिक्कीने नेहमीप्रमाणे पेपर फाडून सौनाची भट्टी पेटवली.

“तायडे!” वेइयो ओरडला. “परीक्षण होतं त्यात!”

“मग आधी बोलायचंस. चाळीस वर्षं मी पेपरनेच पेटवतेय.”

वेइयोने जळका तुकडा ओढून काढला आणि वाचला, “‘या अल्बममधल्या एकाच सदस्याने मला रडवलं. तो म्हणजे...’”

पुढे राख होती.

वेइयोने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

इतक्यात शेजारचा आर्मास आला. दर शनिवारी तो आमच्याच सौनात बसतो. काखेत धुरावलेले मासे होते, आजच्या पेपरात गुंडाळलेले.

“आजचा पेपर? न वाचताच गुंडाळलास?” तूलिक्कीने विचारलं.

“हवामान वाचलं की. बाकी नुसती लोकांची मतं.”

तिने मासे वेइयोच्या मांडीवर ओतले आणि तेलकट पान उलगडलं. “‘तो म्हणजे गायक वेइयो. श्वास कुठे घ्यायचा, हे त्याला साठीत का होईना, कळलं. पाचपैकी चार तारे.’”

“आणि ह्याचं?” वेइयोने माझ्याकडे बोट दाखवलं.

“‘व्हॅक्यूम क्लीनर ठीक.’”

“एवढंच?”

“एवढंच. खाली नुसतं तेल आहे. बघ हवं तर.”

वेइयो उठला. मासे सांडले. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस, बाबा. होतं असं.”

मित्रांनो, इतकं हलकं मला पिशवी रिकामी केल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

वस्तू जपून वापराव्यात, हे तुम्ही जाणताच. कौतुकही जपून वापरा. त्याच्या एका ओळीने कुणाचं आयुष्य खोपटात जाऊ शकतं.

तरी माननीय संस्कृती मंत्रालयास विनंती, की यापुढे कोणत्याही समीक्षकाने घरगुती उपकरणास ‘ठीक’ याहून अधिक काहीही म्हणू नये, असा कायदा चालू अधिवेशनातच मंजूर करावा व त्याची एक साक्षांकित प्रत अर्जदाराच्या नळीस बांधण्यात यावी.